तुलनेचं घर

अनसिंग
१४ जानेवारी २०२५

सुकेशनी पडघान, खर्च नियोजक, पुणे यांस,

विषय: आपण पाठवलेल्या अंदाजपत्रकातील एका आकड्याबाबत.

जय भीम. हे पत्र मी अभ्यासिका बांधकाम समितीचा सचिव म्हणून लिहीत आहे, भाऊ म्हणून नाही. फोन करू नये. आपला नंबर मी माझ्या फोनात बंद केला आहे आणि आपल्या वहिनीला, मंजुषालाही, उचलू नको म्हणून सांगितलं आहे. शाळेच्या ऑफिसात जन्मभर कारकुनी केली, त्यामुळे जे बोलायचं ते कागदावर बोलायची मला सवय आहे.

रविवारी विहारात वंदनेनंतर सभा झाली. वस्तीतल्या मुलामुलींसाठी अभ्यासिका बांधायला किती खर्च येईल हे आपण काढून पाठवलं होतं, ते वाचून दाखवायचं होतं. प्रिंट मीच काढली. आधी वाचून पाहिली नाही. माझ्या बहिणीनं केलं आहे, त्यात काय पाहायचं, असं वाटलं. सभेत पाहुणे म्हणून कारंजाचे गोविंदा तायडे बसले होते. माझ्या प्रसेनजितसाठी आम्ही त्यांची मुलगी चंदा पाहिली आहे हे आपल्याला माहीत आहे. ते त्याच दिवशी सकाळी आमचं घर पाहायला आले होते, आणि घराला एकोणीस लाख लागले असं मी त्यांना चहा पिताना सांगितलं होतं.

दुपारी अध्यक्षांनी आपला कागद मोठ्यानं वाचला. 'तुलनेसाठी घेतलेली बांधकामे. क्रमांक एक: अमरदीप पडघान यांचे घर, अनसिंग, बांधकाम २०१३, प्रत्यक्ष खर्च अकरा लाख.' सगळ्या वस्तीनं माझ्याकडे पाहिलं. एकट्या तायड्यांनी पाहिलं नाही. ते जेवायला थांबणार होते. मंजुषानं सकाळपासून स्वयंपाक मांडला होता. 'गाडीची वेळ झाली' म्हणाले आणि उठले. त्या वेळी कारंजाकडे कोणतीही गाडी नसते.

आता मध्यस्थ विनोदभाऊंचा निरोप आला आहे की मंडळी विचार करत आहेत. खोटं बोलणाऱ्या घरात पोरगी द्यायची का, असा तो विचार आहे. प्रसेनजित धड जेवत नाही आणि मला काही विचारतही नाही.

तरी आपण समितीच्या नावे एक पत्र पाठवावं की क्रमांक एकचा आकडा टाइप करताना चुकला, तो एकोणीस वाचावा. पत्र याच आठवड्यात यावं.

अमरदीप पडघान
सचिव


पुणे
१९ जानेवारी २०२५

दादा,

जय भीम. तू सचिव म्हणून लिहिलंस. मी बहीण म्हणूनच उत्तर देते, कारण बहिणीला जास्त बोलता येतं.

आकडा टाइप करताना चुकलेला नाही. तो तुझ्या तोंडचा आहे. नव्या घरात राहायला गेलात त्या दिवशी अंगणात सगळ्यांसमोर तू म्हणालास, 'माह्या बहिणीनं काढला तो आकडा आन् झालेला खर्च, एका रुपयाचा फरक नाही.' अकरा लाख. मी तेव्हा डिप्लोमा करून नुकती पुण्याला आले होते आणि तुझ्या घराचं अंदाजपत्रक हे माझ्या हातचं पहिलं काम होतं. इथल्या पहिल्या मुलाखतीत मी तेच घर सांगितलं. समोरचे दोघं आधी हसत होते, नंतर हसायचे थांबले. नोकरी मिळाली ती त्या घरावर.

मी काय केलं ते तुला कळेल असं सांगते. नवं काही बांधायचं असलं की आधी तसंच बांधलेलं जुनं काही शोधायचं. त्याला लागलेला खरा खर्च घ्यायचा, मधल्या वर्षांची भाववाढ त्यावर चढवायची आणि क्षेत्रफळानं भागायचं. जो दर येतो तो तुलनादर. नव्या कामाचा खर्च त्याच्याशी जुळतो की नाही ते पाहायचं. म्हणजे नंतर कोणी ठेकेदार अव्वाच्या सव्वा सांगायला लागला तर वस्ती त्याला विचारू शकते की बाबा, अमरदीप पडघानांचं घर एवढ्यात उभं राहिलं, तुझं काहून नाही? सगळं उभं आहे ते त्या 'खरा खर्च' या दोन शब्दांवर.

आपल्याकडं प्रत्येक घराचे दोन खर्च असतात, सोयऱ्यांना सांगायचा आणि घरच्यांना सांगायचा. हे मला कळत नाही असं समजू नकोस. म्हणून तर कामावर आम्ही घरमालकाच्या बोलण्यावर कधी विसंबत नाही. तुझ्या बोलण्यावर विसंबले, कारण तू मला घरमालक नव्हतास.

तुझा एकोणीस मी लिहिला तर तुलनादर चढेल. तो चढला की अभ्यासिकेचा खर्च चढेल, आणि खर्च चढला की समिती पहिली कशाला कात्री लावेल हे तुलाही माहीत आहे. मुलींच्या वेगळ्या खोलीला. मी त्या पोरींच्या वयाची होते तेव्हा विहाराच्या पायरीवर बसून अभ्यास केला, आणि येणारंजाणारं प्रत्येक माणूस काय वाचतेस म्हणून वाकून पाहायचं. तुझी मिजास टिकावी म्हणून मी ती खोली सोडणार नाही.

तायड्यांसमोर छाती फुगवायची तुला कोणी सांगितलं होतं? प्रसेनजित तहसीलमध्ये कामाला आहे, निर्व्यसनी आहे, एवढं पुरलं नसतं का? तू त्याच्या सोयरीकीत आठ लाखांचं खोटं घातलंस आणि ते मी निस्तरावं म्हणतोस. मी निस्तरणार नाही.

सुकेशनी


अनसिंग
२७ जानेवारी २०२५

सुकेशनी,

पत्र पोचलं. पोस्टमन समोर उभा असतानाच फोडलं, ते करायला नको होतं.

तुलनादर वगैरे पुण्यातल्या लोकांना शिकव. दिवाळीत आलीस आणि ते लाल दिव्याचं यंत्र भिंतींना टेकवत घरभर फिरलीस. मंजुषा मला विचारत होती, 'हे काय मोजून राह्यली?' मी म्हटलं, मोजू दे, तिच्या धंद्याची खोड आहे. तू माझ्या घराचं माप घेऊन ते वस्तीपुढं मांडशील असं मनात आलं नाही. परक्याच्या घराचं माप घेतानाही माणूस विचारतो.

तायड्यांना मी जे सांगितलं ते सांगितलं. त्यात बदल नाही. तू मला खोटारडा म्हटलंस, तेही कागदावर, आणि तो कागद मी जपून ठेवला आहे.

एकच सांगतो. आपलं घर त्या यादीतून काढून टाक. तू आणखी दोन बांधकामं घेतली आहेस, मंगरूळपीरचं सभागृह आणि वाशीमची दुकानं. त्यांच्यावरून जे निघायचं ते निघू दे. हे घर तुलनेला घेण्यासारखं नाही. का ते विचारू नकोस, मी सांगणार नाही.

तुझं पत्र मी मंजुषाला वाचून दाखवलेलं नाही. तुझं आधीचं बोलणंच तिच्या पुष्कळ लक्षात आहे.

अमरदीप


पुणे
५ फेब्रुवारी २०२५

दादा,

'का ते विचारू नकोस' असं म्हणणारी माणसं मी रोज पाहते. कुठलाही ठेकेदार अडचणीत आला की हेच म्हणतो. तुझ्याकडून हे ऐकायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

घर यादीतून निघणार नाही. मंगरूळपीरचं सभागृह आणि वाशीमची दुकानं कडक मुरमावर उभी आहेत. आपली वस्ती काळ्या मातीवर आहे, आणि काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, त्यामुळे तिथं खरा पैसा पायाला लागतो. त्याच वस्तीत, त्याच मातीत उभं असलेलं आणि इतक्या वर्षांत भिंतीला साधी रेघ न पडलेलं एकच बांधकाम माझ्याकडं आहे. ते तुझं घर. म्हणून ते यादीत पहिलं आहे आणि बाकी दोन्हींपेक्षा मी त्याला जास्त वजन दिलं आहे.

राहिलं तुझं एकोणीस लाखांचं. ज्याच्याकडं घरात घालायला एकोणीस लाख होते, त्याच्या बायकोनं समोरच्या खोलीत बाहेरगावच्या मास्तरांची खानावळ चालवली असती का? नव्या घराला फोडणीचा वास बसला होता, पाहुण्याला टेकायला जागा नव्हती. मी वहिनीला तेव्हाच म्हटलं होतं की पैशाची एवढी हाव बरी नाही. ती खानावळ सगळ्या अनसिंगनं पाहिली आहे. तायड्यांना उद्या कोणीही सांगेल.

ते दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच त्यांना पत्र लिहिलं. हो, कारंजाला, गोविंदा तायड्यांना. पत्ता विनोदभाऊंनी दिला. मी लिहिलं की अकरा हा आकडा बरोबर आहे, तो मी स्वतः काढलेला आहे. माझ्या भावाला चारचौघांत मोठं दिसायची हौस आहे, पण मुलगा बापासारखा नाही, आणि बापाच्या बढाईची शिक्षा त्याला देऊ नये. एवढं स्पष्ट लिहिल्यावर त्यांना निदान एका माणसाचा तरी भरवसा वाटेल. तुझ्यानं जे झालं नाही ते मी केलं आहे. आभार मानायचे असतील तर नंबर चालू कर.

सुकेशनी


अनसिंग
१५ फेब्रुवारी २०२५

सुकेशनी,

हे पत्र मंजुषाचं आहे. तुह्या दादाले माहीत नाही. त्यानं ठेवलेले तुह्ये पत्र मी काढून वाचले. मले तुमच्यासारखं कागदावरचं मराठी जमत नाही, म्हणून बोलते तसं लिहून राह्यली. अक्षर लागलं नाही तं दोनदा वाच.

तायड्यायचा निरोप आला. नाही म्हणतात. विनोदभाऊ दारातूनच बोलले, आत आले नाही. म्हणे, 'पोट्टं चांगलं आहे. पण बाप सांगते एक आन् आत्या लिहिते दुसरंच. अशा घरात आमच्या पोरीनं कोणाचं खरं मानावं?' तुह्यं पत्र तायड्यायनं घरच्या मंडळीले वाचून दाखवलं. चंदा रडली म्हणतात. प्रसेनजित मंगरूळपीरले मित्राच्या खोलीवर राहाले गेला. मले म्हणे तहसीलमधी काम वाढलं. मी आई आहे, मले समजते काय वाढलं ते.

आता घराचं ऐक. तुह्या दादानं सांगतलं नाही, मी सांगते.

घराले एकोणीस लाखच लागले. तू जो कागद करून देला होता त्याच्यात पाया चार फूट धरला होता. तू लिहिलं होतं का चार फुटावर मुरूम लागते. चार फुटावर काळी माती निघाली. सहावर तेच, आठवर तेच. मुरूम लागला तो पार खाली, माणूस उभा राह्यला तं वरून दिसे नाही एवढ्या खाली. मिस्त्री हासला, म्हणे, 'पोरीनं हे कायच्या भरोशावर लिव्हलं?' तुह्या दादानं त्याले तिथल्या तिथं काम सोडाले लावलं. दुसरा मिस्त्री आणला, त्यानं जास्त पैसे घेतले. भिंती वर याच्या आधीच तुह्या कागदातले बहुतेक पैसे जमिनीत गेले.

मी म्हटलं, तिले फोन करा, तिचं चुकलं ते तिले समजू द्या. तुहा दादा म्हणे, 'नाही. ते नवीन आहे तिकडे. पहिलाच कागद आहे तिचा. चुकला म्हणून समजलं तं ते हे कामच सोडून देईन.' मी म्हटलं, आन् वरचे पैसे कुठून आणता? म्हणे, पाहू. पाहू म्हणजे मी पाहिलं. खानावळ काहून काढली ते तुले आता समजलं असन. सकाळी डबे, संध्याकाळी पंगत, मधात प्रसेनजितची शाळा. आन् त्या दिवशी अंगणात तुह्या दादानं सगळ्यायसमोर तुह्यं नाव घेतलं, एका रुपयाचा फरक नाही म्हणून, तवा मी आत भांडे घासत होती.

मंग त्याच वर्षी तू दिवाळीले आली. म्हणे, वहिनी, घराले फोडणीचा वास येते, एवढी हाव बरी नाही. तुह्या दादानं माह्याकडे पाहिलं आन् मान खाली घातली. मी ताट उचलून आत गेली. तवापासून मी तुह्याशी हासून बोलली असन, पण मनातून कधी बोलली नाही.

राग मले तुह्या दादाचाही आहे. त्यानं बहिणीचं मन राखलं, बायकोचं राखलं नाही. आन् आता तू त्याले खोटारडा म्हणतं, आन् तो मुकाट्यानं आयकून घेते. मले ते पाहवत नाही.

अभ्यासिकेचंही आयक. समितीनं तुह्या आकड्यावर ठेकेदार बोलावले, एकही आला नाही. मंगरूळपीरच्या गोपीचंद ठेकेदारानं कागद वापस आणून देले. म्हणे, 'एवढ्यात पाया निघते. वर काय मंडप टाकता का?' ज्या खोलीसाठी तू भांडून राह्यली ते खोली तुह्याच आकड्यानं अडली.

मले माफी पायजे नाही. जे तोडलं ते जोड.

मंजुषा


पुणे
२३ फेब्रुवारी २०२५

दादा,

वहिनीनं लिहिलं. तिला एक शब्द बोलू नकोस. बोललास तर आपल्यातलं उरलंसुरलंही संपलं असं समज.

तिचं पत्र वाचल्यावर मी तुझ्या घराचं ते जुनं अंदाजपत्रक पुन्हा मांडलं, वहिनी म्हणते तेवढा खोल पाया धरून. एकोणीसच्या जवळ गेलं. तेव्हा माझा विश्वास बसला. भावाच्या बोलण्यावर नाही बसला, आकड्यावर बसला, हे माझं मलाच वाईट वाटलं.

तू मला बाराही वर्षं मूर्ख म्हणत आला असतास तरी मी आज आहे एवढी चिडले नसते. माझ्या हाताखालच्या पोरांना मी रोज सांगते की अंदाज चुकला तर लगेच तोंड उघडा, कारण दडवलेली चूक पुढच्या कामात जाते. माझी चूक पुढच्या कामात गेली. एकदा आमच्या साहेबांनी विचारलं होतं की काळ्या मातीवरचा पाया तू एवढा स्वस्त कसा धरतेस. मी त्यांना ताठ मानेनं तुझं घर सांगितलं. त्यांनी सही केली, बहुतेक त्यांना वाटलं की गावची पोरगी आहे, हिला माहीत असेल. आता मला जुनी कामं एकेक काढून पाहावी लागणार आहेत, आणि साहेबांसमोर जाऊन का पाहते आहे तेही सांगावं लागणार आहे. हे तू माझ्यासाठी केलंस.

मी काम सोडून देईन असं तुला वाटलं. सोडून देशील का, असं विचारावंसं नाही वाटलं. घर बांधायला जेवढी हिंमत लागली त्याच्या निम्मी लागली असती. माझ्यावर जीव होता म्हणून केलंस, हे मला कळतं. तरी मला राग आहे आणि तो लवकर जाणार नाही. वहिनीनं डबे करायचे, प्रसेनजितनं त्या वासात अभ्यास करायचा, आणि मी पुण्यात बसून स्वतःला हुशार समजायचं, असं कोणी ठरवलं होतं? तू एकट्यानं ठरवलंस.

वहिनीला मी जे बोलले त्याची माफी मागायलाही मला तोंड नाही. तिला वेगळं लिहायला बसले होते, चार ओळींच्या पुढं गेले नाही. समोर आल्यावर बोलेन.

सोबत समितीला पत्र आहे. रविवारच्या सभेत तूच वाचायचंस, सचिव आहेस. तायड्यांना मी फोन केला होता. आधी नाही म्हणाले. मग मागून चंदाचा आवाज आला, 'बाबा, आयकून तं या', आणि ते येतो म्हणाले. पत्र पूर्ण वाच. काही गाळू नकोस. तुझ्या गाळण्यापायीच हे सगळं झालं आहे.

सुकेशनी

(सोबत)

अभ्यासिका बांधकाम समिती, अनसिंग यांस,

सप्रेम जय भीम. माझ्या अंदाजपत्रकात क्रमांक एकच्या घराचा खर्च अकरा लाख लिहिला आहे. तो चुकीचा आहे. खरा खर्च एकोणीस लाख. अमरदीप पडघान यांनी पाहुण्यांना सांगितलं ते खरं होतं, आणि गोविंदा तायडे यांना मी जे पत्र पाठवलं ते खोटं ठरलं आहे. त्या घराचं मूळ अंदाजपत्रक मीच केलं होतं आणि पाया किती खोल जाईल हे मी न तपासता धरलं होतं. माझ्या भावानं वरचा सगळा भार स्वतः उचलला आणि मला कळू दिलं नाही. त्याच चुकीच्या आकड्यावर मी अभ्यासिकेचा दर काढला, म्हणून एकही ठेकेदार आला नाही. माझं अंदाजपत्रक रद्द समजावं. नवीन कोणाकडून करून घ्यायचं ते समितीनं ठरवावं.

सुकेशनी पडघान


अनसिंग
४ मार्च २०२५

सुकेशनी,

आधी समितीचं सांगतो. नवीन अंदाजपत्रक तूच करायचं असं ठरलं. माझं मत वेगळं होतं, पण बहुमत तसं झालं. गोपीचंद ठेकेदार म्हणाला की आधी जागेवर खड्डा घेऊन मुरूम कुठं लागतो ते पाहू आणि मग कागद करू. तो खड्डा बुधवारी घेणार आहेत. मुलींची खोली राहणार आहे. पैसे कमी पडले तर मुलांची बाजू पुढच्या वर्षी चढवायची असं बायकांनी सभेत ठरवून टाकलं, आम्हाला कोणी विचारलं नाही.

तुझा राग मला पोचला. माझाही गेलेला नाही. सोयऱ्यांना पत्र लिहून भावाला बढाईखोर ठरवायचं हे कोणत्या पुस्तकात शिकलीस ते मला अजून समजलेलं नाही. मी तुला सांगितलं नाही, ते बरोबर केलं की चूक, यावर तुझं माझं एकमत होणार नाही. तू तेव्हाची तू पाहिली नव्हतीस, मी पाहिली होती. वसतिगृहातून रात्रंदिवस रडत फोन करायचीस की मला हे जमणार नाही, मी परत येते. ते तू विसरलीस, बरं झालं. मंजुषाला मी काही बोललो नाही. तिनंच मला बोलायचं ते बोलून घेतलं आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं.

आता सभेचं. तुझं पत्र मी वाचायला उभा राहिलो. तायडे पुढं खुर्चीवर होते, विनोदभाऊ त्यांच्या बाजूला. प्रसेनजित दाराशी उभा होता, आत येत नव्हता. मी वाचत गेलो. 'पाहुण्यांना सांगितलं ते खरं होतं' इथपर्यंत वाचलं आणि माझा आवाज मोकळा झाला. पुढं तुझं ते वाक्य होतं, मूळ अंदाजपत्रक मीच केलं होतं आणि न तपासता धरलं होतं. सगळी वस्ती ऐकत होती. ज्या पोरीचं नाव घेऊन लोक आपल्या पोरींना शिकायला बसवतात तिचं ते वाक्य होतं. मी ते सोडून खालच्या ओळीवर गेलो. पुन्हा केलं मी ते, तू लिहून पाठवलेलं असताना केलं. तुला काय म्हणायचं ते म्हण.

मागं बायकांत मंजुषा बसली होती. पाकीट आलं त्याच दिवशी तिनं ते पत्र वाचलेलं होतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, 'मधातली एक ओळ राह्यली. ते वाचा.' अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाचली. कोणी हसलं नाही. तुझ्या वर्गातली सुरेखा, तिची पोरगी यंदा दहावीला आहे, ती एवढंच म्हणाली की चुकली तरी सांगते तं खरं, तिलेच देऊ काम. तिथूनच ते बहुमत झालं.

मग तायडे उठले. मला वाटलं, आता घराच्या खर्चाचं विचारतील, म्हणून मी तयारी करून ठेवली होती. त्यांनी ते विचारलंच नाही. म्हणाले, 'पडघानभाऊ, तुमचा आकडा खरा होता, माह्या मनातलं ते गेलं. पण बहीण चुकली, आन् तुमी तिले इतके वर्ष सांगतलं नाही. उद्या आमची चंदा तुमच्या घरात चुकली, तं तिले कोणी सांगीन का? का सगळे गोड बोलून तिच्यामागं निस्तरत बसतीन आन् मनात धरतीन?'

मी तुझा कागद हातात धरून नुसता उभा होतो. मागून मंजुषा म्हणाली, 'मी सांगीन. ज्या दिवशी चुकली त्या दिवशी सांगीन, आन् त्यानंतर मनात ठेवणार नाही. मी बारा वर्ष ठेवून पाहिलं, त्यानं माणूस कडू होते.' तायड्यांनी तिच्याकडे पाहून मान डोलावली. मग दाराकडे वळून प्रसेनजितला म्हणाले, 'आत ये, बाहेर काहून उभा आहे?'

सोयरीक तिथंच पक्की झाली. मी अजून उभाच होतो, अध्यक्षांनी बसा म्हटलं तेव्हा बसलो.

अमरदीप